‘इंडोलन्स’ आणि प्रतिशब्दाचा निवाडा

‘इंडोलन्स’ या इंग्रजी संज्ञेस ‘आळस’ हा प्रतिशब्द देऊन मोकळे होणे म्हणजे शब्दाचा इतिहास पुसून त्यावरील निवाडा तेवढा स्वीकारणे होय. लॅटिन ‘डोलेरे’ म्हणजे वेदना होणे. त्यास नकारदर्शक उपसर्ग लागून ही संज्ञा सिद्ध झाली. सिसेरोने एपिक्यूरसच्या सुखविचाराची चिकित्सा करताना वेदनामुक्ती या अर्थानेच ती योजली. इंग्रजीत सतराव्या शतकात हाच अर्थ होता. निंदाव्यंजक अर्थ अठराव्या शतकात रूढ झाला. १७४८ मध्ये जेम्स थॉमसनच्या दीर्घकाव्यात ‘इंडोलन्स’ हा माणसांना भुलवून कोंडणारा मांत्रिक ठरला. वैद्यकात मात्र वेदनारहित व्रणास आजही हेच विशेषण लागते.

कीट्सच्या १८१९ मधील उद्देशिकेत प्रेम, महत्त्वाकांक्षा आणि कविता या तिघांनाही परत पाठवणारी मनोवस्था आहे. तिला ‘आळस’ म्हणणारा समीक्षक मूळचे वेदनाशून्यत्व गमावतो आणि कवीवर नकळत आरोप ठेवतो. असा आरोप निरुपद्रवी नसतो. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी फिलिपिनो जनतेस लावलेले हेच दूषण होसे रिझालने १८९० मध्ये तपासले आणि त्याची मुळे प्रजेच्या स्वभावापेक्षा राज्यव्यवस्थेत दाखवली. प्रतिशब्द निवडणाऱ्याने किमान एवढी चौकशी करावयास हवी.