पाच महिन्यांतली दोन मतं

२०२३ साली आपल्याकडे दिवाळी आणि निवडणूक एकाच आठवड्यात आली. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, १७ला विधानसभेचं मतदान. फराळाच्या ताटाशी विषय एकच, नवा जिल्हा. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून ५ ऑक्टोबरला पांढुर्णा जिल्हा झाला होता. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याची घोषणा ऑगस्टमध्ये केली, तीही जामसावळीच्या मारुतीपाशी. जिल्हा दिला म्हणजे मतंही मिळणार, असा जाणकारांचा हिशेब होता.

नव्या जिल्ह्यातल्या दोन्ही जागा काँग्रेसला गेल्या. जुन्या छिंदवाड्याच्या सातही गेल्या.

१९ एप्रिल २०२४ला लोकसभेचं मतदान झालं. १९८०पासून नाथ घराण्याकडे असलेली, फक्त १९९७च्या पोटनिवडणुकीत सुंदरलाल पटवांनी हिसकावलेली छिंदवाड्याची जागा भाजपच्या बंटी साहूंनी एक लाख तेरा हजारांहून अधिक मतांनी जिंकली. मतदार बहुतेक तेच, बूथही तेच.

डिसेंबरच्या निकालानंतर कट्ट्यावर ‘कृतघ्न’ हा शब्द ऐकला, जूनमध्ये ‘विकले गेले’. दोन्ही शिव्या पुष्कळदा एकाच माणसाला बसल्या, हे देणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. तो माणूस उपकार फेडत नव्हता आणि विकलाही गेला नव्हता. आमदार कोण हवा आणि दिल्लीत कोण हवं, ही त्याच्या लेखी दोन वेगळी कामं असतील. किंवा बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यावर संत्र्याला मिळालेला भाव त्याच्या डोक्यात असेल. किंवा पक्ष बदलत सुटलेले पुढारी पाहून तो नुसता वैतागला असेल. आम्ही अंदाजच करतो आहोत, कारण त्याला कुणी विचारलंच नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. गोटमारीचं कौतुक करायचं नाही. तिने माणसं मारली आहेत, डोळे फोडले आहेत. पण पलीकडच्या काठावर आपला मेहुणा उभा आहे, हे फेकणाऱ्याला ठाऊक असतं. मोबाइलवरून शिव्या फेकणाऱ्याला तेवढंही ठाऊक नसतं. तो ‘भक्त’ला मारतो, ‘चमचा’ला मारतो.

सगळ्यांचं एकमत व्हावं, अशी आमची इच्छा नाही. तसं झालं तर दिवाळी अंक कोण वाचणार? वाचकांना विनंती एवढीच: तुम्ही ज्या पक्षाला कधीच मत देणार नाही, त्याला शेजाऱ्याने का दिलं असेल, ते दोनशे शब्दांत लिहा. लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवा. ‘हो, असंच’ असं तो म्हणाला, तर आमच्याकडे पाठवा. पैसा, जात आणि अक्कल नसणं ही तीन कारणं चालणार नाहीत. मजकूर मार्गशीर्ष अखेरपर्यंत यावा.

— संपादक