धोका पाहुण्याला की यजमानाला?

परदेशी संशोधक गडचिरोलीत येणार म्हटले की नागपूरपासूनच त्याला सल्ले मिळू लागतात. एटापल्ली-भामरागडच्या आत शिरू नका, जिल्ह्याच्या गावी बसून मुलाखती घ्या, अंधार पडण्याआधी परत फिरा. 2012 मध्ये माओवाद्यांनी ओडिशात दोन इटालियन नागरिकांना पळवले होते, तो दाखलाही हटकून दिला जातो. दोघेही सुखरूप सुटले, हे मात्र कोणी सांगत नाही. हा सल्ला मला मान्य नाही. धोका आहेच, पण तो भलत्याच माणसाच्या खात्यावर मांडला जातो.

परक्या माणसाला या जंगलात रोज गाठणारी संकटे वेगळी आहेत. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा आहे, आणि त्यात मेंदूवर जाणारा फॅल्सिपेरमही आहे. जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, मग ताप कितीही चढो, गाडी निघत नाही. चंद्रपूरकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बायांवर वाघ झडप घालतो. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या अभ्यासकाने कुठे थांबायचे आणि कधी मागे फिरायचे, हे त्या बायांनाच विचारावे. मच्छरदाणी कुठे बांधायची, नाला कधी ओलांडायचा नाही, हेही गावच सांगते. त्याच्या रोजच्या सुरक्षिततेचा बहुतेक भार गावच उचलत असते.

“मग पोलीस संरक्षण घेऊन जा,” असे म्हणणारे आहेत. हेतू चांगला असेल, परिणाम वाईट होतो. बंदूकधारी जवानांसोबत आलेल्या पाहुण्याशी जो बोलला, त्याच्यावर गावाची नजर बसते. ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून माओवाद्यांनी या जिल्ह्यात किती गावकऱ्यांचे जीव घेतले, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि पाहुणा संरक्षणाविना आत राहून गेला, तर तो कोण होता, कोणाला भेटला, ही चौकशी यजमानाच्या दारात येते. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवला की यजमानाने चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचे असते. ओसरी देणाऱ्या माडिया कुटुंबाने, गावात मोबाइलला रेंज नसताना, ते कसे कळवायचे? संशोधक विमानात बसून निघून जातो. त्याच्या स्थानिक दुभाष्याला त्याच गावात, माओवादी आणि पोलीस या दोन नजरांखाली राहायचे असते.

संशयाची किंमत कोण मोजतो, याचे उदाहरण गडचिरोलीच्याच न्यायालयातले आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून मार्च 2017 मध्ये इथे जन्मठेप झाली, मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. त्यांचे नाव देशभर गेले. याच खटल्यात गडचिरोलीतला एक आदिवासी तरुण होता, पांडू नरोटे. तो ऑगस्ट 2022 मध्ये कैदेत असतानाच वारला. निर्दोष ठरला, पण ते ऐकायला तो नव्हता. किती जणांना त्याचे नाव आठवते?

परदेशी अभ्यासकांना बंदीच घालावी, असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, आदिलाबादच्या डोंगरात, 1940 मध्ये गोंड नेता कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर त्या अशांत मुलखात मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ राहिले. ते ऑस्ट्रियन, आणि युद्धामुळे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक. ते पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई या गोंड गावात राहिले, गोंडांच्या जमिनी गेल्या कशा हे त्यांनी निजाम सरकारपुढे मांडले, गोंड शिक्षक घडवणारे केंद्र तिथे उभे राहिले. दोघांच्या समाध्या त्याच गावात आहेत आणि गोंड आजही त्यांची आठवण पाळतात. त्यांना राखले ते गावाने, कारण त्यांचे काम गावाच्या उपयोगी होते.

‘सर्च’ या आरोग्य संस्थेचे अभय आणि राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले. नवजात बालकांना घरच्या घरी वाचवण्याचे त्यांचे काम 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ते काम हातांनी केले गावातल्याच बायांनी, आरोग्यदूतांनी. माहिती गोळा करणारी बाई आणि बाळ वाचवणारी बाई एकच असली, की तिच्या वहीवर कोणी संशय घेत नाही.

“आता नक्षलवाद संपला, हे सगळे कशाला?” हा सर्वांत ताजा आक्षेप. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली, ही मोठी आणि आनंदाची गोष्ट आहे. पण चाळीस वर्षांची भीती एका समारंभात उतरत नाही. शिवाय सुरजागडच्या लोहखाणीबद्दल, जमिनीबद्दल कोण काय बोलले, हे आजही नाजूकच आहे. बंदूक गेली तरी बोलणाऱ्याचे नाव वहीत उरते.

म्हणून मागणी साधी आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. संशोधनाची परवानगीही प्रत्येक गावात तशीच, ग्रामसभेत, माडिया किंवा गोंडीत समजावून मागावी. बोलणाऱ्यांची नावे वहीत लिहूच नयेत. निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचून दाखवावेत, मग परदेशी नियतकालिकात छापावेत. दुभाष्याला ठरलेले मानधन, विमा आणि अडचणीत वकील मिळावा, तेही पाहुणा परत गेल्यानंतरसुद्धा. गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून गडचिरोली आणि चंद्रपूर याच दोन जिल्ह्यांसाठी उभे आहे. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला ते सहकार्याचे पत्र देत असेल, तर त्या पत्रात या अटी असाव्यात. ज्या प्रकल्पात दुभाष्याची सोय नाही, त्याला विद्यापीठाने पत्र देऊ नये.