फुकटची इंटर्नशिप म्हणजे नवी वेठबिगारी



नवीन शैक्षणिक धोरण आले आणि अनेक अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला, ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट मिळाले. काम केले नाही तर पदवी अडणार. पण त्या कामाचा मोबदला दिलाच पाहिजे, अशी सक्ती मालकावर नाही. विद्यार्थ्याला सक्ती आणि मालकाला मोकळीक, हा कुठला न्याय?

'शिकायला मिळते, मग पैसे कशाला?' असे विचारले जाते. रोज आठ तास डेटा भरणे, अहवाल लिहिणे, व्हिडिओ कापणे हे शिक्षण असेल, तर तेच काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला पगार का देता?

फुकट राबणे परवडते कुणाला? ज्याच्या बापाचा पुण्या-मुंबईत फ्लॅट आहे त्याला. हिंगोलीहून आलेल्या, वर्ष संपत आले तरी शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या आपल्या पोराला नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत 'अनुभव' विचारतात, तो असतो पहिल्याकडेच. यालाच मग हे लोक मेरिट म्हणतात! 2024 च्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना 5000 रुपये ठरले. पुण्यात कॉट बेसिस आणि मेसमध्येच ते संपतात.

निवड कशी होते तेही बघा. जाहिरात नाही, ओळखीने फोन जातो. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. त्याच प्रशिक्षणाला 'इंटर्नशिप' म्हटले की आरक्षण गायब.

बाबासाहेब कोलंबियात शिकले ते बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पोटाची सोय झाली म्हणून बुद्धीला वाव मिळाला. 1928 मध्ये त्यांनी महार वतनाच्या राबणुकीविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. 1946 मध्ये मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचे विधेयक मांडले. संविधानाचे कलम 23 वेठबिगारीला बंदी घालते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. इंटर्न कायद्याने 'कामगार' ठरत नाही, ही पळवाट आहे. ती बुजवण्यासाठीच लढायचे आहे.

आणि हा प्रश्न आपल्या घरातही विचारा. फुले-शाहू-आंबेडकरांच्या नावाने निधी आणणाऱ्या संस्था आपल्याच पोरांना 'चळवळीसाठी कर' म्हणून महिनोन्‌महिने ऑफिसात फुकट बसवतात. जयंतीला, मोर्चाला स्वतःहून राबणे वेगळे. प्रकल्पाचे रोजचे काम वेगळे. त्याचे पैसे द्या.

मागण्या साध्या आहेत. मानधन नसेल तर क्रेडिटसाठी ती इंटर्नशिप विद्यापीठाने धरू नये. प्रत्येक जागेची जाहिरात निघावी. आरक्षण लागू व्हावे. घरापासून दूर जावे लागल्यास निवासभत्ता मिळावा.

आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना याच आठवड्यात लेखी विचारा: मागच्या वर्षी किती विद्यार्थी इंटर्नशिपला पाठवले, कितींना पैसे मिळाले, त्यात आपले किती? उत्तर लेखीच घ्या. लढ्याची सुरुवात त्या कागदापासून होईल.

जयभीम!