यकृतातील गाठ आणि उष्णतेची सुई

वार्षिक आरोग्य तपासणी आपल्या बहुतेक घरांत आता रुळली आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात गाठ’ एवढे दोन शब्द आले, की घराची झोप उडते. वास्तविक यकृतातील सर्वाधिक आढळणारी सौम्य गाठ म्हणजे हेमँजिओमा, रक्तवाहिन्यांचे एक जाळे. ती कर्करोगात बदलत नाही आणि बहुसंख्य रुग्णांना तिच्यासाठी आयुष्यभर कोणताही उपचार लागत नाही.

गाठ मोठी होऊन पोट सतत दुखू लागले किंवा शेजारच्या अवयवांवर दाब आला, तरच उपचाराचा विचार होतो. एरवी अशा वेळी शस्त्रक्रिया करून यकृताचा तेवढा भाग काढतात. आता निवडक रुग्णांत सोनोग्राफी वा सीटी स्कॅनवर पाहत त्वचेतून बारीक सुई थेट गाठीत नेता येते. सुईच्या टोकातून रेडिओलहरींच्या वारंवारितेचा विद्युतप्रवाह किंवा मायक्रोवेव्ह ऊर्जा सोडली, की ऊती तापतात; ६० अंश सेल्सिअसपुढे पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. मृत गाठ जागच्या जागी हळूहळू आक्रसते. रुग्ण सहसा लवकर घरी जातो.

तरीही टाके नाहीत म्हणजे धोका नाही, असे समजू नये. मोठा हेमँजिओमा रक्ताने भरलेला असतो. तो तापला की तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. आतडे वा पित्ताशय लगत असेल, तर ते भाजण्याची भीती. मोठी रक्तवाहिनी शेजारी असेल, तर वाहते रक्तच उष्णता ओढून नेते आणि गाठीचा काही अंश जिवंत राहतो. कर्ज मंजूर करताना आम्ही प्रथम गरज तपासत असू, व्याजदर नंतर. येथेही तोच क्रम मला योग्य वाटतो.

अ‍ॅडिनोमा मात्र निराळा. तो प्रामुख्याने स्त्रियांत, गर्भनिरोधक गोळ्यांच्या दीर्घ सेवनाशी संबंधित आढळतो. तो ५ सेंटीमीटरहून मोठा असल्यास फुटून रक्तस्राव होण्याचा, क्वचित कर्करोगाचाही संभव वाढतो. पुरुषांत तर तो लहान असला तरी बहुधा काढूनच टाकतात. ‘दिवाळीचा हंगाम आटोपू दे, मग पाहू’ हे उत्तर येथे चालणार नाही. म्हणून गाठ नेमकी कोणती, हे एमआरआयने आधी ठरवून घ्यावे आणि यकृततज्ज्ञासोबतच, सुईने उपचार करणाऱ्या रेडिओलॉजिस्टचेही मत घ्यावे.

नवीन आरोग्यविमा घेताना हा अहवाल प्रस्तावात अवश्य नोंदवावा. लपविलेल्या गाठीवरून दावा नाकारला गेला, तर सारा खर्च घरावर येतो.