एकाच्या जागी दोघे

गायक गेल्यावर बँडने जुनेच नाव लावावे का, हा वाद 'लिंकिन पार्क'ने पुन्हा पेटवला. या अमेरिकन बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या नव्या गायिकेला घेऊन 'फ्रॉम झीरो' हा अल्बम आला आणि जुन्या चाहत्यांपैकी काहींना तो चक्क विश्वासघात वाटला. उल्हासनगर-अंबरनाथकडे ज्या घरांत मुले दिवसभर कानाला हेडफोन लावून बसतात, तिथल्या आईवडिलांना हे भांडण परक्या मुलखातले वाटेल. पण तसे ते नाही.

सकाळच्या बदलापूर लोकलमधले भजनी मंडळ आठवा. मुख्य गाणारे बुवा निवृत्त झाले म्हणून टाळ थांबत नाहीत. दुसरा कुणी अभंग उचलतो, पट्टी थोडी वरखाली होते, दोन-चार दिवस चुकल्यासारखे वाटते. मंडळ मात्र तेच राहते. याचे कारण उघड आहे. तिथले शब्द तुकोबांचे, नामदेवांचे; गाणाऱ्याचे नव्हेत. रॉकमध्ये शब्द, चाल आणि गळा बहुधा एकाच घरातले असतात. म्हणून तिथे गळा बदलला की श्रोत्याला घरमालक बदलल्यासारखे वाटते.

या दोन्हींच्या मधोमध उभा असलेला एक बँड आपल्याच देशात आहे: दिल्लीचा 'इंडियन ओशन'. अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'चे संगीत यांचेच. असीम चक्रवर्ती आणि गिटारवादक सुस्मित सेन यांनी १९९० मध्ये तो उभा केला. 'कंदिसा' ही सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, 'माँ रेवा' हे नर्मदेचे गाणे. म्हणजे मूळ धन पुष्कळसे लोकांचेच. पण आवाज असीमचा. मांडी घालून तबला वाजवता वाजवता हा माणूस गात असे. २५ डिसेंबर २००९ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला.

पुढे जे झाले ते विलक्षण होते. असीमच्या आवाजातले ध्वनिमुद्रण हाताशी होते. कंपन्यांच्या मागे न लागता बँडने २०१० मध्ये ते महिन्याला एक गाणे या हिशेबाने फुकट वाटले. '१६/३३० खजूर रोड' हे त्या संग्रहाचे नाव. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात त्यांचा सराव चाले, त्याचा हा पत्ता. सात गाणी, सात महिने. गेलेला माणूस दर महिन्याला नवे काही गात होता.

खरी परीक्षा त्यानंतरची. असीमच्या जागी दोन माणसे घ्यावी लागली: गाण्याला हिमांशू जोशी, तबल्याला तुहीन चक्रवर्ती. एका माणसाने किती जागा व्यापली होती, याचे याहून नेमके माप दुसरे नसेल. २०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडला. २०१४ चा 'तंदानू' आला तेव्हा बँडमध्ये एकही संस्थापक उरला नव्हता. शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला कर्श काळे, अशी पाहुण्यांची रांगच त्यात आहे. मला तो अल्बम आवडतो, पण घरात दुःख झाल्यावर पाहुणे बोलावून घर भरते ठेवावे, तसाही तो वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या 'एसी/डीसी'ने १९८० मध्ये गायक बॉन स्कॉट गेल्यावर पाच महिन्यांत नव्या गायकासह 'बॅक इन ब्लॅक' काढला आणि तो जगभर खपला. तो सडेतोडपणा इथे नाही.

तरीही नाव सोडायला हवे होते, हे पटत नाही. राहुल राम १९९१ पासून, अमित किलम १९९४ पासून या बँडमध्ये आहेत. त्यांचे निम्मे आयुष्य या नावात गेले आहे आणि पोटही त्याच्यावरच आहे. पुढचा संग्रह 'तू है' यायला २०२३ उजाडले. पाहुण्यांच्या त्या रांगेनंतर नव्या मंडळींना स्वतःचा सूर सापडायला एवढा वेळ लागावा, हे मला साहजिक वाटते. 'कंदिसा' मात्र अजूनही लोकांना हवेच असते, आणि ते ऐकताना जुना श्रोता मनात असीमचा आवाज लावूनच बसलेला असतो.