ओझं चालतं, वजन का चालत नाही?

बाईनं वजन उचलू नये, असं आपल्याकडे कोणीही सहज सांगतं. सासू सांगते, शेजारीण सांगते, कधीकधी डॉक्टरही सांगतात. पण बाईनं ओझं उचलू नये, असं कोणी म्हटलेलं ऐकलंय तुम्ही? भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलोंचा असतो. दारापासून ओट्यापर्यंत तो कोण सरकवत नेतं? आमच्या रामदासपेठेत जुने बंगले पडून फ्लॅट स्कीम उभ्या राहतात. तिथे रेती-गिट्टीची घमेली डोक्यावर घेऊन माळे चढते ती रेजा बाईच असते. तिच्या नाजूक प्रकृतीची चिंता कंत्राटदाराला नाही आणि फ्लॅट घेणाऱ्यांनाही नाही. त्याच रस्त्यावरच्या जिममध्ये एखाद्या मुलीनं लोखंडी बार हातात घेतला, की मात्र सगळ्यांना तिच्या गर्भाशयाची काळजी वाटू लागते. स्पर्धेतला बायकांचा रिकामा बार १५ किलोंचा असतो. सिलिंडरच्या निम्मा!

तेव्हा मैत्रिणींनो, भांडण किलोंचं नाहीच. दुसऱ्यासाठी वाहिलं तर कर्तव्य आणि स्वतःसाठी उचललं तर थेर, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब जगभर चालला. १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हापासून पुरुषांचं भारोत्तोलन होतं. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली झाली आणि ऑलिंपिकचं दार उघडायला २००० साल उजाडावं लागलं. म्हणजे १०४ वर्षं! दार उघडलं त्याच वर्षी सिडनीत आपल्या कर्णम मल्लेश्वरीनं २४० किलो उचलून कांस्यपदक घेतलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. ताकद होतीच, अडवलेलं होतं ते दार.

पण ही ताकद येते कुठून? ‘देवानं दिलेली असते’ असं म्हटलं की आपली सुटका होते. म्हणून मीराबाई चानू काय करते ते जरा बारकाईनं पाहू. स्पर्धेत दोनच प्रकार असतात. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका झेपेत डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. सराव मात्र या दोनांवर भागत नाही. बार पाठीवर घेऊन बैठका, छातीपुढे घेऊन बैठका, जमिनीवरून नुसतं ओढणं, खांद्यावरून वर ढकलणं, शिवाय कंबर, पोट आणि खांद्यातल्या लहान स्नायूंसाठी हलक्या वजनाचे संथ, कंटाळवाणे व्यायाम. यांना पूरक व्यायाम म्हणतात. जड वजन दोन-तीनदाच उचलायचं, मग काही मिनिटं बसायचं, मग पुन्हा उचलायचं. आठवड्याचं वेळापत्रक आखलेलं असतं आणि त्यात विश्रांतीही लिहिलेली असते. उचलताना स्नायू थकतो. तो बळकट होतो नंतर, अन्न आणि झोप मिळाल्यावर.

२०१६ साली रिओमध्ये मीराबाईचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले. पुढच्याच वर्षी १९४ किलो उचलून ती जगज्जेती झाली. २०१८ साली कंबरेच्या दुखापतीनं आशियाई स्पर्धा हुकली. २०२० साली ती अमेरिकेत ॲरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली. तिच्या खांद्यांत असमतोल होता, त्यावर तिथे काम झालं. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिनं क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतलं. वर्तमानपत्रांनी तिच्या लहानपणच्या सरपणाच्या मोळीची गोष्ट पुनःपुन्हा छापली. ती गोड गोष्ट आहे, पण फसवी आहे. मोळ्या वाहून पदकं मिळाली असती तर आपल्या खेड्यापाड्यांत घरोघरी पदकं टांगलेली दिसली असती.

ओझं वाहून बाई बळकट होत नाही, झिजते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायका उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढतात. कामाला खाडा झाला तर दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. वजन उचललं की गर्भाशयाला धोका, असं जिममधल्या मुलीला बजावणारा समाज या बायकांच्या बाबतीत कुठे होता? बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न घेता ओझी वाहावी लागणं खरोखरच घातक आहे. पण त्यावरचा उपाय विश्रांती, अन्न आणि मजुरी हा आहे. सगळ्याच बायकांना लोखंडापासून लांब ठेवणं हा नव्हे.

आता रामदासपेठेतल्या दवाखान्यांकडे वळू. हाडांच्या डॉक्टरांपुढे पन्नाशी-साठीच्या बायकांची रांग असते आणि बऱ्याच जणींना ‘जड काही उचलू नका’ असं सांगून परत पाठवलं जातं. ऑस्ट्रेलियात १०१ बायकांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांची पाळी गेलेली, हाडांची घनता कमी झालेली. निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली जड वजनाच्या बैठका मारल्या, बार जमिनीवरून उचलला, डोक्यावर ढकलला. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. हा अभ्यास २०१८ साली छापून आला. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. तो फक्त पुरुषांना सांगितलेला नाही.

जिममध्ये काय चाललंय? बाई आत आली की तिला ट्रेडमिल आणि दोन किलोंचे गुलाबी डंबेल्स मिळतात. पुरुष जिममध्ये वाढायला जातो, बाई कमी व्हायला. तिनं कमी जागा व्यापावी, कमी खावं, कमी दिसावं, हीच शिकवण महिन्याची फी घेऊन पुन्हा दिली जाते. आणि खाणं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. शेवटी जेवणाऱ्या बाईला आपण अबला म्हणतो आणि दोष निसर्गाला देतो.

पाळीचंही तसंच. २०२४ साली पॅरिसला मीराबाईनं १९९ किलो उचलले, एका किलोनं कांस्यपदक हुकलं. पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिनं सरळ सांगितलं. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचं कोपर दुखावलं, त्याचंही सोनं एका किलोनं गेलं. त्याच्यासाठी आपण हळहळलो, आणि ते योग्यच होतं. मग पाळी म्हटल्यावर कुजबुज का? शरीर दोघांचंही आहे. मीराबाईनं २०२५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत पुन्हा १९९ किलो उचलून रौप्यपदक घेतलं.

त्या सरगरांच्याच घरात दुसरी गोष्टही आहे. चहा-पानाची टपरी चालवणारं हे घर. संकेतच्या पदकाआधी दोनच महिने, जून २०२२ मध्ये, त्याची बहीण काजोल हिनं पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो वजनगटात सुवर्णपदक घेतलं होतं. बार मुलाला मिळाला तसा मुलीलाही मिळाला, एवढंच तिथे वेगळं घडलं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. महापालिकेनं आणि नासुप्रनं बागांमधून ग्रीन जिम बसवल्या, पण त्या यंत्रांवर वजन वाढवायची सोय नसते. वस्तीच्या व्यायामशाळेत बार, प्लेटा आणि बैठकांचा स्टँड हवा, शिकवणारी प्रशिक्षित बाई हवी, आणि धुणी-भांडी करून येणाऱ्या बाईला जमेल अशी वेळ हवी. डॉक्टरांनी ‘उचलू नका’ म्हणण्याआधी ‘कसं उचलायचं’ ते सांगावं. घरात डाळ आणि अंडं मुलीच्या ताटात मुलाइतकंच पडावं, आणि व्यायाम करून आलेल्या मुलीला अर्धा तास पडू द्यावं.

आपल्या पेठेतल्या, वस्तीतल्या व्यायामशाळेत या आठवड्यात एकदा जाऊन या. बायकांचा १५ किलोंचा बार आहे का आणि बायकांची वेळ कोणती, एवढे दोनच प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते आम्हांला जरूर कळवा.