‘सोबत मोफत’ व्हीपीएनचा हिशेब

डोंबिवली, कल्याण, भिवंडी या पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दुकानात संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, टॅलीतील खाती, ग्राहकाला पाठवायचे नमुने, बँकेचे व्यवहार, सारे त्याच यंत्रावर होते. वर्षातून एकदा अँटिव्हायरसची मुदत संपते, तेव्हा संगणकवाला म्हणतो, ‘भाई, थोडे जास्त भरा, यात व्हीपीएनसुद्धा आहे.’ घरी कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, ‘अब्बा, ते नको. व्हीपीएन वेगळे घ्यावे, ते चांगले असते.’ दोघेही आपापल्या परीने बरोबर बोलतात. पण आपल्या दुकानाला काय लागते, हे दोघांनीही विचारलेले नसते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक लहान दुकानांना यांपैकी कोणत्याही व्हीपीएनची पहिली गरज नाही. व्हीपीएन सोबत मिळते म्हणून अँटिव्हायरस निवडू नये. ज्याला खरोखर गरज आहे, त्याने फुकट किंवा स्वस्त काय आहे ते न पाहता, आपला माल कोणाच्या हाती देतो आहोत ते पाहावे. या मताची कारणे पुढे देत आहोत.

व्हीपीएन काय करते?

भिवंडीच्या गोदामातून माल निघतो तेव्हा टेम्पोवर ताडपत्री बांधतात. रस्त्यावरच्या माणसाला टेम्पो दिसतो, आतला माल दिसत नाही. व्हीपीएनचे काम एवढेच आहे. तुमच्या संगणकापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत माहिती बंद ताडपत्रीखाली जाते. वाटेतला केबल इंटरनेटवाला किंवा स्टेशनवरचे वाय-फाय चालवणारा यांना तुम्ही कोणते संकेतस्थळ उघडले ते कळत नाही. पुढच्या संकेतस्थळालाही तुमचा पत्ता न दिसता त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

पण ताडपत्री बांधणाऱ्याला आतला माल ठाऊक असतो, हे विसरू नये. जी माहिती केबलवाल्यापासून लपली, ती व्हीपीएन कंपनीच्या हाती गेली. विश्वास ठेवावा लागतोच. फक्त माणूस बदलतो.

दुसरे असे की, आज बँकांची व सरकारी संकेतस्थळे मुळातच बंद पाकिटात बोलतात. पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असते, त्याचा अर्थ हाच. तुमचा पासवर्ड वाटेतल्या कोणाला सहज वाचता येत नाही, मग व्हीपीएन असो वा नसो. मात्र तेच ‘एचटीटीपीएस’ ठगाच्या खोट्या संकेतस्थळालाही लावता येते. खोट्या पानावर तुम्ही स्वतः ओटीपी लिहून दिला, तर व्हीपीएन तो ओटीपी सुरक्षितपणे ठगापर्यंत पोचवील. वीजबिलाच्या नावाने आलेला मेसेज, कुरिअरच्या नावाने आलेली फाइल, क्यूआर कोड दाखवून पैसे काढणारा ग्राहक, यांपैकी कशालाही व्हीपीएन थांबवीत नाही.

दोन वेगळे धंदे

अँटिव्हायरसचा धंदा आपल्याला परका नाही. साताऱ्याकडून पुण्यात आलेल्या काटकर बंधूंपैकी थोरले कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांनी तो काढणारे सॉफ्टवेअर लिहिले आणि १९९५ साली कंपनी उभी केली. तीच आजची क्विक हील. २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले. हातात कौशल्य असलेल्या कारागिराने दुकानातून कंपनी कशी उभारावी, याचा हा आपल्या महाराष्ट्रातला धडा आहे.

पण अँटिव्हायरस तुमच्या यंत्रात बसून पहारा करतो. व्हीपीएनसाठी देशोदेशी सर्व्हर लागतात, जलद लाइन लागते, चोवीस तास देखभाल लागते. हा निराळा धंदा आहे. त्यामुळे काही अँटिव्हायरस कंपन्या व्हीपीएन दुसऱ्याकडून घेऊन आपल्या नावाने देतात, काही दुसऱ्याची कंपनीच विकत घेतात. मॅकॅफीने २०१८ साली टनेलबेअर ही व्हीपीएन कंपनी घेतली. बिटडिफेंडरचे व्हीपीएन बराच काळ हॉटस्पॉट शील्ड या दुसऱ्याच्या सेवेच्या जाळ्यावर चालत आले. शिवणाऱ्याने दुसऱ्याच्या कारखान्यातले बूट आपल्या दुकानात ठेवले, तर त्यात गैर काही नाही. पण बूट कोणी केले, हे गिऱ्हाइकाने विचारावे.

सोबतच्या व्हीपीएनचे फायदे आहेत, ते मान्य केले पाहिजेत. एकच बिल, एकच मुदत, अडचण आली तर विचारायला एकच संगणकवाला. सकाळपासून यंत्रावर बसणाऱ्या कारागिराला चार कंपन्यांच्या मागे लागायला वेळ कोठून मिळणार? परंतु त्यात बहुधा मर्यादा असतात. बिटडिफेंडरच्या काही पॅकमध्ये दिवसाला २०० एमबीपर्यंतच व्हीपीएन चालते; अमर्याद हवे तर पुन्हा पैसे. नॉर्टन ३६० मध्ये अशी डेटामर्यादा नसते. म्हणजे डब्यावर ‘व्हीपीएन’ हा शब्द एकच, आतला माल वेगवेगळा. देश निवडता येतो का, लाइन तुटल्यास इंटरनेट आपोआप थांबते का, मोबाइलवर चालते का, किती यंत्रांवर चालते, हे चार प्रश्न दुकानदाराला विचारल्याशिवाय जास्तीचा एक रुपयाही देऊ नये.

वेगळे व्हीपीएन घेतले तर या सोयी बहुतेक मिळतात. काही कंपन्या आपला कारभार बाहेरच्या तपासनिसांकडून तपासून घेतात व अहवाल प्रसिद्ध करतात. मात्र दुसरे बिल, दुसरा पासवर्ड आणि परदेशी कंपनीशी व्यवहार, हे त्यासोबत येते.

नाव मोठे, म्हणून भरवसा?

व्हीपीएन घेणारा आपली सगळी ये-जा एका कंपनीच्या हाती देतो. ही अमानत आहे. ती कशी सांभाळली जाते, याची काही उदाहरणे पाहावीत.

अवास्ट हे अँटिव्हायरसमधले जगभर चालणारे नाव. ग्राहकाला कोणी पाळत ठेवून पाहू नये म्हणून आमचे सॉफ्टवेअर घ्या, असे ते सांगत होते. पण त्याच ग्राहकांनी कोणती संकेतस्थळे पाहिली, ही माहिती त्यांच्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली जात होती. जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले.

व्हीपीएनच्या बाजूलाही तेच. फेसबुकने २०१३ साली ओनावो ही कंपनी घेतली आणि ‘तुमची माहिती सुरक्षित ठेवणारे’ मोफत व्हीपीएन वाटले. लोक कोणती अॅप किती वेळ वापरतात, हे त्यातून फेसबुकला कळत होते. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये त्याबद्दल २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

याहून भयंकर प्रकार मे २०२४ मध्ये उघड झाला. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशा नावांची मोफत व्हीपीएन लोकांनी घेतली. त्यांचेच संगणक गुपचूप गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार जगभरचे १ कोटी ९० लाख इंटरनेट पत्ते या जाळ्यात ओढले गेले. बांधवांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. गुन्हा कोणी तिसराच करतो आणि पत्ता तुमच्या दुकानाचा निघतो. आपले निर्दोषत्व सिद्ध करायला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागणे लहान व्यापाऱ्याला किती महागात पडते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून दुकानाच्या संगणकावर किंवा दुकानाच्या मोबाइलवर, मुलांनी वा कामगारांनी घातलेले अनोळखी मोफत व्हीपीएन आजच काढून टाकावे. ‘सोबत मोफत’ परवडेल, पण ‘कोण देतो ते माहीत नाही आणि मोफत’ हे कधीच परवडणार नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात व्हीपीएन वापरणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मात्र केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, दिलेला इंटरनेट पत्ता ही माहिती पाच वर्षे ठेवायची आहे. व्हीपीएन कंपन्यांसाठी तो २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. हे मान्य नसलेल्या एक्सप्रेस व्हीपीएन, नॉर्ड व्हीपीएन, सर्फशार्क यांसारख्या कंपन्यांनी त्याच वर्षी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे अशा सेवेत ‘भारत’ निवडले, तरी सर्व्हर प्रत्यक्षात सिंगापूरसारख्या ठिकाणी असू शकतो. माहिती दूर जाऊन परत येते, वेग कमी होतो. परदेशी पत्ता दिसला की काही बँका व सरकारी संकेतस्थळे दारही उघडत नाहीत. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला रात्री दहा वाजता हा अनुभव कोणालाच येऊ नये. बँक व जीएसटीच्या कामाच्या वेळी व्हीपीएन बंद ठेवलेले बरे.

आखातात माल पाठवणाऱ्या किंवा तेथे नातेवाईक असलेल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएनसारख्या साधनाने आपला पत्ता बदलला, तर २०२१ च्या कायद्यानुसार कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंड होऊ शकतो. दुबईला निघालेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये काय आहे, ते विमानात बसण्यापूर्वी पाहावे.

व्यापाऱ्याचे खरे व्हीपीएन

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे अनेकांना व्हीपीएन हवे असते ते निराळ्याच कारणाने. कारखाना डोंबिवली एमआयडीसीत, घर कल्याणला, हिशेबनीस भिवंडीला. घरी बसून कारखान्यातील टॅली उघडायची असते. हे काम अँटिव्हायरससोबतचे व्हीपीएनही करीत नाही आणि दर महिन्याचे पैसे घेऊन मिळणारे नेहमीचे वेगळे व्हीपीएनही करीत नाही. ती दोन्ही तुम्हाला बाहेरच्या जगात नेऊन सोडतात. तुमच्या स्वतःच्या दुकानात आणत नाहीत. त्यासाठी कारखान्याच्या राउटरवर स्वतःचे व्हीपीएन बसवावे लागते. चांगल्या राउटरमध्ये ही सोय असते. जाणकार माणूस ती बसवून देतो. सर्ट-इनचा माहिती ठेवण्याचा तो नियमही कंपन्यांच्या अशा अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही.

असे न करता काही जण कारखान्यातील संगणक रिमोट डेस्कटॉपने थेट इंटरनेटवर उघडा ठेवतात. हे शटर उघडे टाकून झोपण्यासारखे आहे. संगणकातील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या नेमके असेच उघडे दार शोधत फिरतात. उधारीची वही, कामगारांची मजुरी, गिऱ्हाइकांचे नमुने एका रात्रीत हातचे जातात आणि पैसे दिले तरी परत मिळतीलच असे नाही.

पैसे कोठे घालावेत?

आमच्या मते क्रम असा असावा. पहिला खर्च बॅकअपचा: टॅलीची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकातून काढून ठेवावी. दुसरे काम विंडोज अद्ययावत ठेवण्याचे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे अनेक दुकानांत अजून कोणाच्या गावीही नाही. तिसरे, अस्सल अँटिव्हायरस. विंडोजमध्ये असलेला डिफेंडर अगदीच टाकाऊ नाही. चोरीच्या सीडीवरील अँटिव्हायरसपेक्षा तो केव्हाही बरा. चौथे, बाहेरून टॅली उघडायची असेल तर राउटरवरचे व्हीपीएन. आणि पाचव्या क्रमांकावर ही आजची चर्चा.

पाचव्या क्रमांकापर्यंत पोचल्यावर निवड सोपी आहे. महिन्यातून दोन-चार वेळा स्टेशनवरच्या किंवा लॉजमधल्या वाय-फायवर काम करावे लागते, एवढीच गरज असेल तर अँटिव्हायरससोबतचे व्हीपीएन पुरे. किंवा मोबाइलचा डेटा वापरला तर तेही नको. रोज फिरतीवर असणाऱ्याने, परदेशी गिऱ्हाइकांच्या वाटाघाटी वा डिझाइन सांभाळणाऱ्याने वेगळे घ्यावे. पण आधी एक महिन्याचे घेऊन पाहावे, स्वस्त पडते म्हणून तीन वर्षांचे एकदम भरू नये.

बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. सॉफ्टवेअरवर १८ टक्के कर पडतो. कंपोझिशन योजनेत नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठीच्या खरेदीवर त्याची वजावट मिळते. परदेशी कंपनीकडून थेट सेवा घेतल्यास कर कोणी भरायचा, ते आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे. आपोआप मुदत वाढण्यावरही लक्ष असावे. पहिल्या वर्षाचा दर कमी आणि दुसऱ्या वर्षाचा चढा, ही या धंद्यातली रीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, जे १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आले, कार्डावरून असे पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने कळवायचे असते. तो मेसेज वाचल्याशिवाय पुसू नये.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. संगणकवाल्याच्या शब्दावर किंवा जाहिरातीवर विसंबून पाकीट उघडण्याआधी प्रत्येकाने कागदावर एवढेच लिहावे: मला नेमके कोणापासून काय लपवायचे आहे? उत्तर लिहिता आले नाही, तर ते पैसे बॅकअपच्या हार्ड डिस्कवर खर्च करावेत.